रानकुत्र्याच्या वेगाचा कॅमेरा

ताडोब्याच्या दारात राहणाऱ्या बल्लारपूर-चंद्रपूरकडच्या माणसाने कॅमेरा घ्यायचे मनावर घेतले, की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो : झूम किती? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण डोळ्यांसमोर वाघ असतो आणि मनात त्याची भीती असते, म्हणून तो लांबच दिसणार असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ताडोब्यातला वाघ जिप्सींना सरावलेला आहे. तो रस्त्यावरून सावकाश चालतो, पाणवठ्यात बसून राहतो, पंधरा मीटरवरून निघून जातो. एपीएस-सी सेन्सरच्या साध्या कॅमेऱ्याला ३०० मिमीची लेन्स लावली, तर पंधरा मीटरवर चौकटीत जेमतेम सव्वा मीटर रुंदीचे दृश्य येते. आडव्या उभ्या वाघाचे धडसुद्धा त्यात मावत नाही. उजेडातल्या अशा वाघाचा फोटो जवळजवळ कोणताही कॅमेरा काढतो, आणि गडचिरोलीतल्या कमलापूरच्या हत्तींचा तर सहजच काढतो. म्हणून कमी पैशांत कॅमेरा निवडताना कसोटी वाघाची ठेवू नये, रानकुत्र्याची ठेवावी. कोळसुन्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, टोळी चितळामागे बांबूतून सुटली, की झूमचा आकडा सोडून कॅमेऱ्याचे बाकी सगळे गुणदोष उघडे पडतात.

‘८३ पट झूम’ अशी जाहिरात असलेला निकॉन पी९०० उदाहरणादाखल घेऊ. २०१५ साली आलेल्या या कॅमेऱ्याने पक्षीवेड्या मंडळींना वेड लावले, आणि झाडावर स्वस्थ बसलेल्या घुबडासाठी तो आजही वाईट नाही. त्याची पूर्ण ताणलेली लेन्स फुल-फ्रेमवरच्या २००० मिमीइतके जवळ आणते, म्हणजे चाळीस मीटरवर चौकटीत सुमारे ७२ सेंटिमीटर रुंदीचे दृश्य मिळते. रानकुत्रा नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण ९० सेंटिमीटर असतो. तो चौकटीत मावतच नाही, मग टोळीचे काय! शिवाय पळणाऱ्या जनावराला इतक्या अरुंद खिडकीतून शोधायचे तर बांबूच दिसत राहतो. झूम मागे घेता येतो, हे खरे. पण मग ज्याचे पैसे मोजले तेच वापरायचे नाही असे होते, आणि लहान सेन्सर मात्र तोच राहतो. त्याचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या साधारण तेराव्या भागाइतके, त्यामुळे सकाळच्या मंद उजेडात चित्रावर रवा सांडल्यासारखा दाणा येतो. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट आड येते. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला, की जमिनीवरची तापलेली हवा थरथरते आणि लांबचे जनावर पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते. त्यावर कोणत्याही झूमकडे उपाय नाही. जवळ येण्याची वाट पाहावी लागते.

आता वेगाचा हिशेब. धावणारे कुत्रे, रानातले असो वा गावातले, ताशी ४० किलोमीटरने जाते असे धरले, तर एका सेकंदात ते अकरा मीटर कापते. १/२५० शटरच्या अवधीत ते साडेचार सेंटिमीटर सरकते, १/१००० मध्ये एक सेंटिमीटरहून थोडे अधिक. चाळीस मीटरवर ३०० मिमीच्या चौकटीत सव्वातीन मीटरच्या आतले दृश्य येते. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात ते सहा हजार पिक्सेलांवर पसरते, म्हणजे एक पिक्सेल सुमारे अर्धा मिलिमीटर. एवढ्यावर एक सेंटिमीटर म्हणजे वीसेक पिक्सेलांचा फराटा. कॅमेरा जनावरासोबत फिरवला तर धड स्थिर येते, पण पुढे झेपावणारे पाय धडापेक्षा जलद जातात. त्यांच्यासाठी १/१६०० ते १/२००० लागते. हिवाळ्यातल्या सकाळी, एफ ५.६ किंवा ६.३ च्या परवडणाऱ्या लेन्सवर, हा वेग आयएसओ ३२००-६४०० वर नेल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे मोठा सेन्सर, हलत्या वस्तूचा पाठलाग करणारा ऑटोफोकस आणि सलग फोटो काढताना न अडखळणारी स्मृती, या तिन्हींवर पैसा खर्चावा. झूमचा क्रम त्यांच्या मागे.

हातात साठ-सत्तर हजार असतील तर माझा कौल जुन्या बाजारातल्या डीएसएलआरला. निकॉन डी७२००, त्याहून बरा डी७५०० (सेकंदाला ८ फोटो आणि बरीच मोठी स्मृती), कॅननमध्ये ८०डी किंवा ७डी मार्क टू (सेकंदाला १० फोटो). सोबत निकॉनची एएफ-पी ७०-३०० किंवा कॅननची ५५-२५० एसटीएम, दोन्ही हलक्या आणि फोकसला चपळ. पुढे पैसे जमले की निकॉनची २००-५०० किंवा सिग्माची १५०-६०० घेता येते. पण टोळीच्या फोटोसाठी ३०० मिमीच अधिक उपयोगी, हे वरच्या हिशेबातून दिसतेच.

यावर आक्षेप येतो, की मिररलेसच्या काळात जुना डीएसएलआर कशाला? आक्षेप पोकळ नाही. कॅनन आर१०सारखा कॅमेरा प्राण्याचा डोळा शोधून त्याला धरून राहतो, आणि मोकळ्या मैदानात त्याच्यापुढे जुना डीएसएलआर फिका पडतो. ज्याचा खिसा परवानगी देतो त्याने तोच घ्यावा. मात्र त्याच्या जोडीची परवडणारी १००-४०० लेन्स ४०० मिमीवर एफ ८ ची आहे, एफ ५.६ च्या तुलनेत निम्मा प्रकाश, म्हणजे आयएसओ दुप्पट. बांबूच्या काड्यांआडून डोळा दिसेनासा झाला की ती जादू बरीच ओसरते. आणि सेकंदाला २३ फोटोंचा जो आकडा छापतात तो इलेक्ट्रॉनिक शटरचा, त्यात पळणाऱ्या पायांचा आकार तिरका होण्याचा धोका असतो; यांत्रिक शटरवर १५ मिळतात, तेही खूप झाले. डीएसएलआरच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे किंमत. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवे डीएसएलआर आणणे थांबवले, हौशी लोकांनी जुने विकायला काढले, आणि चांगली यंत्रे स्वस्त झाली. मोबाईलच पुरेल म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की ताडोब्याच्या सफारीत मोबाईल न्यायला बंदी आहे.

जुन्या वस्तूत फसवणूक होते हा दुसरा आक्षेप, आणि तो अधिक खरा. त्यावर तपासणी हाच इलाज. शटर किती वेळा पडले ते विचारावे. डी७२०० चे शटर दीड लाखांपर्यंत तपासलेले आहे, ७डी मार्क टूचे दोन लाखांपर्यंत. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सला ती हमखास धरते. शेवटी दुकानाबाहेर धावत्या दुचाकीवर फोकस धरून तीस-चाळीस फोटो सलग काढावेत आणि पडद्यावर मोठे करून बघावेत. विक्रेता यालाच कंटाळला तर दुसरे दुकान गाठावे.

घेतलेला कॅमेरा थेट मोहर्लीच्या गेटवर नेऊ नये. रानकुत्रे दिसतीलच याची खात्री नसते, दिसले तर अर्धा मिनिटही मिळत नाही, आणि तेवढ्यात बटणे शोधणे परवडत नाही. वर्धेच्या काठावर संध्याकाळी एकमेकांमागे पळणारी गावकुत्री वेगाला आणि वळणाला कोळसुन्यांच्या जवळपास येतात, शिवाय त्यांना प्रवेशशुल्क नाही. शटर १/१६००, आयएसओ आपोआप, सतत फोकस, मधला बिंदू आणि त्याच्या भोवतीचे थोडे. पहिल्या दिवशी बरेचसे फोटो शेपटीवर नेमके आणि डोळ्यांवर धूसर येतील. कुत्रा चौकटीत शिरण्याआधीच बटण अर्धे दाबून ठेवले आणि तो शिरताच फोकस त्याच्या मानेवर धरला, की प्रमाण सुधारते. उरलेल्या पैशांतून वेगवान मेमरी कार्ड आणि कापडाची पिशवी घ्यावी. पिशवीत तांदूळ भरून ती जिप्सीच्या कडेवर ठेवली की लेन्स टेकवता येते. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला मात्र सांगावे, नाहीतर तांदळासकट कॅमेरा थरथरतो.