नाशिकच्या छापखान्यांतील समुद्र

नाशिकहून समुद्र दिसत नाहीं. सह्याद्रीच्या पूर्वेस, सुमारें ६०० मीटर उंचीवर वसलेलें हें गोदातीरींचें क्षेत्र. तथापि समुद्राचीं चित्रें हिंदुस्थानांतील घरोघरीं पोंचलीं तीं येथूनच. १९२५ सालीं नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस स्थापन झाला, आणि तोंपर्यंत लंडनची डी ला रू कंपनी छापीत असलेलीं आपलीं टपाल तिकिटें येथें छापलीं जाऊं लागलीं.

१९३७ च्या मालिकेंत डाकेच्या नाना वाहनांचीं चित्रें होतीं. सहा आण्यांच्या तिकिटावर आगबोट होती. हें तिकीट उठावाच्या ठशाचें. अशा ठशाचा जो भाग उंच, त्यालाच शाई लागते. शाई एक तर आहे किंवा नाहीं, फिकें-गडद असा भेद तींत नाहीं. म्हणून लाटाही रेघांनींच काढाव्या लागतात. आगबोटीचें तेवढ्यावर भागतें, कारण धुराडें, कठडे, दोर मिळून तिचें अंगच रेघांचें असतें. शिडाचें तसें नाहीं. वाऱ्यानें फुगलेलें शीड छायेमुळेंच फुगलेलें दिसतें. छाया गेली कीं तें दोरीवर वाळत घातलेलें धोतर!

ती छाया फोटोग्रॅव्हर पद्धतीनें दिली. नाशिकला १९५२ च्या संतकवींच्या मालिकेपासून ती वापरांत आली. तींत तांब्याच्या रुळावर अतिसूक्ष्म खळगे कोरलेले असतात. खोल खळग्यांत शाई अधिक, उथळांत कमी. रुळावरची जादा शाई पात्यानें निपटली कीं खळग्यांतली तेवढी कागद शोषून घेतो. आकाश क्षितिजाकडे हळूहळू फिकें होत जातें. अक्षरांच्या कडा मात्र किंचित् करवती उमटतात. शिवाय प्रत्येक रंगास रूळ निराळा, त्यामुळें कागद केसभर सरकला तरी शीड डोलकाठीपासून सुटतें.

भारतीय लष्कराची 'तृष्णा' ही ३७ फुटी शिडाची नौका २८ सप्टेंबर १९८५ रोजीं मुंबईहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १० जानेवारी १९८७ रोजीं परतली. शिडाच्या नौकेनें केलेली ही पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा. त्याच वर्षीं तिचें साडेसहा रुपयांचें तिकीट निघालें. ज्यांच्या संग्रहीं तें आणि १९३७ ची आगबोट अशीं दोन्ही असतील, त्यांनीं तीं शेजारीं ठेवून भिंगाखालीं पाहावीं: एकीकडे नुसत्या रेघा, दुसरीकडे ठिपक्यांची बारीक जाळी.