हिवाळ्यातील खाडी आणि गळ टाकण्याची वेळ

थंड प्रदेशांतील गोड्या पाण्यात राहणारा पाइक हा लांबट तोंडाचा, दबा धरून झडप घालणारा शिकारी मासा हिवाळ्यात दिवसाच्या कोणत्या वेळी गळाला लागतो, हा युरोप आणि उत्तर अमेरिकेतील गळकरांच्या नित्य चर्चेचा विषय आहे. हा मासा प्रामुख्याने डोळ्यांनी शिकार करतो, त्यामुळे पुरेसा उजेड आणि उन्हाने किंचित ऊब धरलेले पाणी या दोन गोष्टी ज्या वेळी एकत्र येतात, ती दुपारची वेळ कडक थंडीत बहुधा फलदायी मानली जाते. भारतातील नद्या-तलावांत पाइक आढळत नाही. परंतु नवी मुंबईच्या पश्चिमेला पसरलेल्या ठाणे खाडीत आणि दक्षिणेच्या पनवेल खाडीत त्याच्याच वळणाचा एक शिकारी वावरतो आणि दिवाळे, सारसोळे, करावे यांसारख्या गावांतील आगरी-कोळी कुटुंबांच्या जेवणात त्याला मानाचे स्थान आहे. हा मासा म्हणजे जिताडा होय. जिताड्याला हिवाळ्यात कधी गाठावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र केवळ घड्याळ पाहून देता येत नाही, कारण खाडीचे पाणी सूर्याइतकेच चंद्राच्याही तंत्राने चालते.

जिताडा कोळंबी आणि बोयसारख्या लहान माशांवर जगतो, तिवरांच्या मुळांआड, पुलांच्या खांबांच्या सावलीत किंवा लहान ओहोळ मुख्य खाडीला मिळतात त्या तोंडाशी थांबून राहतो आणि प्रवाहाने भक्ष्य समोर आणले की ते गिळतो. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने अंधारात त्यांच्यावर बत्तीचा झोत पडला तर ते लालसर चमकतात, आणि त्याच रचनेमुळे त्याला मंद उजेडातही चांगले दिसते. तो उष्ण कटिबंधातील मासा आहे. त्याच्या शरीराचे तापमान भोवतीच्या पाण्याप्रमाणे बदलते, म्हणून पाणी गार झाले की पचन मंदावते, भूक घटते आणि भक्ष्यामागे लांबवर धावण्याची त्याची तयारी राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत खाडीच्या उथळ भागातील पाणी रात्रभर निवत जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत गार असते. पहाट ही मासेमारीची सर्वोत्तम वेळ असल्याचा समज उन्हाळ्यात बराचसा खरा ठरत असला, तरी ऐन थंडीत तो तितका भरवशाचा राहत नाही, त्याचे कारण हेच.

तापमानाहून मोठा भाग भरती-ओहोटीचा. खाडीत सुमारे 24 तास 50 मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सरासरी 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत आल्याने पाणी खूप चढते व खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे, तो असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. त्यानुसार अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, सकाळी आणि पुन्हा रात्री, पाणी भरते. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. मुंबईच्या अपोलो बंदरावरील समुद्रपातळीच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत, तरीही पंचांगावर चालणारा हा ठोकताळा घाईच्या कामाला पुरेसा ठरावा, ही बाब कौतुकाची आहे.

या ठोकताळ्यावरून एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी पहाटे सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी असते, म्हणजे गाळाची मैदाने उघडी पडलेली, मासे खोल प्रवाहात उतरलेले आणि पाणी गार. अशा वेळी किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला फारसा लाभ होत नाही. याउलट दशमी ते त्रयोदशी या तिथींना ओहोटी दुपारी दीड ते पावणेचारच्या दरम्यान संपते, उघडा पडलेला काळा गाळ त्याआधीच उन्हात तापलेला असतो आणि चढणारे पाणी त्यावरून पसरताना ऊब घेत जाते. कोळंबी आणि बोय या पाण्याबरोबर तिवरांकडे सरकतात, त्यांच्या मागे जिताडा येतो, आणि नेमक्या याच वेळी सूर्य कलल्याने त्याच्या डोळ्यांना सोयीचा मंद उजेडही लाभतो. जानेवारीत नवी मुंबईत सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होतो, तेव्हा चढती भरती अद्याप जोरात असते. ऊब, प्रवाह आणि मंद उजेड या तिन्ही गोष्टी जुळून येणारे हे महिन्यातील दोन लहान कालखंड, एक शुक्ल आणि एक कृष्ण पक्षातील, हिवाळी गळासाठी सर्वोत्तम मानण्यास पुरेसा आधार आहे.

उजेडाचा मुद्दा मात्र सर्व दिवशी सारख्या वजनाचा नसतो. उधाणाच्या दिवसांत वेगवान प्रवाह तळाचा गाळ ढवळून काढतो, पाणी चहासारखे दाट होते, आणि मग माथ्यावर ऊन असले तरी पाण्याखाली सावलीच राहते; अशा वेळी जिताडा डोळ्यांपेक्षा अंगाच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या, पाण्यातील कंपने टिपणाऱ्या पार्श्वरेषेवर अधिक विसंबतो आणि घड्याळातील वेळ जवळजवळ निरर्थक होते. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावून पाणी निवळते, मासा सावध होतो आणि सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशाचे महत्त्व परत येते. प्रवाहावरच चालणारी डोल, म्हणजे खुंटांना बांधून ओढीच्या तोंडाशी पसरलेले पिशवीसारखे जाळे, वापरणाऱ्यांचे गणित याहून वेगळे आहे: पाण्याला जितकी ओढ तितके जाळे भरते, आणि पाणी थबकते तेव्हाच ते उचलले जाते, म्हणून त्यांना उधाण अधिक मानवते.

हिवाळ्यात मुंबई परिसरातील मोठी उधाणे मध्यरात्रीच्या सुमारास येतात, तर पावसाळ्यात ती भरदुपारी येतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. रात्री तिवरांच्या कडेला बसणाऱ्याच्या पाठीमागील ओहोळ आधी भरतात, परतीची वाट पाण्याखाली जाते आणि गाळात पाय रुततो. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री जेट्टी किंवा दगडी बांध सोडून खाली उतरणे हा निव्वळ अविचार होय. ऐरोलीच्या वरच्या बाजूस, जेथे खाडी अरुंद होत ठाण्याकडे जाते, तेथे भरती अपोलो बंदरापेक्षा उशिराने पोहोचते, त्यामुळे तक्त्यातील वेळेत दिवाळ्याला थोडी आणि ऐरोलीला त्याहून अधिक मिनिटे मिळवावी लागतात.