फोनवर कॉन्ट्रा खेळणं गुन्हा आहे का?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना आलेलं ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं ना’ काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या खिशातला आहे. फोनवर एम्युलेटर टाकायचा, कुठून तरी रॉम उतरवायचा आणि नव्वदच्या दशकातला गेम सुरू. आवडला की तोच रॉम टेलिग्रामवर चार मित्रांना पाठवायचा. आता या सगळ्यात बेकायदेशीर नक्की काय? गोंधळ होतो कारण एम्युलेटर, रॉम आणि वाटप या तीन गोष्टी आपण एकाच पिशवीत भरतो.

एम्युलेटर म्हणजे टेपरेकॉर्डर आणि रॉम म्हणजे कॅसेट, असं समजा. एम्युलेटर जुन्या यंत्रासारखं वागतो, पण त्याच्यात गेम नसतो. असं यंत्र स्वतःच्या मेहनतीने बनवणं चोरी आहे का, यावर अमेरिकेत मोठी लढाई झाली. १९९९ मध्ये कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने प्लेस्टेशनचे गेम मॅकवर चालवणारं सॉफ्टवेअर काढलं आणि सोनी कोर्टात गेली. कनेक्टिक्सने सोनीचा कोड उलगडून पाहिला होता, पण विकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो वापरला नव्हता. २००० मध्ये अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. पुढची गंमत बघा, सोनीने नंतर ते सॉफ्टवेअरच विकत घेतलं आणि बंद करून टाकलं! निकाल मात्र राहिला. अ‍ॅपलने २०२४ मध्ये जुन्या गेमच्या एम्युलेटरना आयफोनवर परवानगी दिली तेव्हा लोकांनी ‘डेल्टा’वर उड्या टाकल्या, त्याच्यामागे ही सगळी वाट आहे.

म्हणजे एम्युलेटर बनवला की कोणी काही करू शकत नाही, असं नाही हं. त्याच वर्षी निन्टेन्डोने ‘युझू’वर खटला भरला. युझू स्विचचे गेम चालवायचा, आणि स्विच तेव्हा दुकानात नवाकोरा विकला जात होता. गेमवरचं डिजिटल कुलूप फोडायला हे लोक मदत करतात, असा निन्टेन्डोचा आरोप होता. कोर्टाने काही ठरवायच्या आतच २४ लाख डॉलर देऊन युझूवाल्यांनी तडजोड केली आणि दुकान बंद केलं.

आता कॅसेटकडे, म्हणजे रॉमकडे येऊ. आपला कायदा म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्याच्या कलम ५२ मध्ये एक चांगली सवलत आहे. कायदेशीरपणे घेतलेल्या सॉफ्टवेअरची प्रत तुम्ही स्वतःच्या, बिनधंद्याच्या वापरासाठी काढू शकता. मूळ प्रत खराब होईल म्हणून बॅकअपही ठेवू शकता. म्हणजे तुमच्याकडे खरी सीडी असेल तर तिची प्रत फोनमध्ये असणं वेगळं, आणि कोणत्या तरी साइटवरून तोच गेम उतरवणं वेगळं. ‘माझ्याकडे सीडी होती, हरवली, म्हणून उतरवला’ हे सांगायला बरं वाटतं, पण सवलत तुमच्याकडच्या प्रतीवरून काढलेल्या प्रतीला आहे. ‘२४ तासांत डिलीट केलं तर चालतं’ असं रॉमच्या साइटवर लिहिलेलं असतं ना? असं कलम कुठेच नाही. कोणीतरी लिहिलं आणि सगळ्यांनी चिकटवलं.

आणि शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर कलम ६३ ब वाचा. चोरीची प्रत आहे हे माहीत असताना ती कॉम्प्युटरवर वापरणं हासुद्धा गुन्हा आहे. पैसे कमावण्याचा हेतू नसेल तर कोर्ट तुरुंगवास न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. फुकट वाटलं म्हणून वाटपही माफ होत नाही.

कायदा झाला. पण मला कायद्यापेक्षा पुढचा प्रश्न जास्त छळतो.

आपल्याकडे ज्या पिढीने टीव्हीला जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळला, कॅसेटमध्ये फुंकर मारून मारून, त्यातल्या बहुतेकांच्या घरी निन्टेन्डोचं यंत्र नव्हतंच. होती ती फॅमिकॉमची नक्कल, आणि ‘९९९९ इन १’ची बनावट कॅसेट. अस्सल माल इथल्या बाजारात मिळतच नव्हता म्हटलं तरी चालेल. ‘एम्युपॅरडाइज’ ही रॉमची प्रचंड साइट २००० मध्ये सुरू करणारा माणूसही भारतात वाढलेला. लहानपणी हे गेम खेळायला मिळाले नाहीत म्हणून आपण हे केलं, असं त्याने सांगितलं होतं. २०१८ मध्ये निन्टेन्डोने दुसऱ्या रॉम साइटवर खटला भरला आणि त्यानंतर लगेच त्याने डाउनलोड बंद केले. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण त्याने केलं ते कायदेशीर होतं असंही म्हणता येत नाही.

मग नैतिक काय? मी एकच गोष्ट आधी बघतो: हा गेम आज कोणी विकतंय का? कॉन्ट्राचं उदाहरण घ्या. कोनामीने २०१९ मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र करून पीसी आणि कन्सोलवर विक्रीला आणले. तो रॉम ग्रुपवर टाकताना ‘मी वारसा जपतोय’ म्हणू नये. आणि दुकानात हजारो गेम भरून मिळणारी ती हातातली यंत्रं? तिथे तर कोणीतरी दुसऱ्याच्या कामावर सरळ पैसे कमावतोय.

पण ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’ घ्या. २००० सालचा, गाजलेला पीसी गेम. नाइट डाइव्ह ही कंपनी तो पुन्हा विकायला तयार होती, रीतसर परवानगी मागत होती. वॉर्नर, अ‍ॅक्टिव्हिजन आणि फॉक्स यांच्यापैकी हक्क कोणाकडे आहेत, तेच कळेना. जुने कागद शोधायचीही तयारी नव्हती. शेवटी नाइट डाइव्हने नाद सोडला. विकणारा कोणी नाही, तरी वाटलात तर गुन्हाच. ‘अबँडनवेअर’ हा शब्द इंटरनेटचा आहे, कायद्याचा नाही. अमेरिकेत कंपनीच्या मालकीचं काम प्रकाशनानंतर ९५ वर्षं संरक्षित असतं. १९८५ चा सुपर मारिओ २०८० संपेपर्यंत! तोवर फ्लॉपी कुठल्या टिकतायत?

असे गेम थोडेथोडके नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं, तर अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात नाहीत. म्हणून तिथल्या ग्रंथालयांनी मागणी केली, की संशोधकांना असे गेम घरबसल्या दाखवू द्या. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने नकार दिला. मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो. ग्रंथालयाला दार बंद केलं की लोक टेलिग्रामवरच जाणार ना?

जाता जाता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की सुरू व्हायचा तो. १९८९ चा हा गेम जॉर्डन मेकनरने एकट्याने लिहिला, आणि त्याचा मूळ कोड हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला. जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि मेकनरने कोड सगळ्यांना बघायला खुला केला. सोबत स्पष्ट लिहिलं: वाचा, बदला, चालवा, माझी हरकत नाही, पण गेमचे हक्क मी देत नाही, ती मालिका युबिसॉफ्टची आहे.

तुमच्याही माळ्यावर जुन्या मासिकांबरोबर आलेल्या गेमच्या सीडी पडल्या असतील. त्या खाली काढा आणि चालतायत तोवर प्रत काढून ठेवा. कलम ५२ त्यासाठीच आहे.