विस्थापितांचें मन आणि परकी भाषा

निर्वासित म्हटले कीं वऱ्हाडांतील वाचकांच्या डोळ्यांपुढें फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें उभीं राहतात. परंतु सरहद्द न ओलांडतांही मनुष्य परका होऊं शकतो. अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटाचा डोंगर उतरून अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर आलेल्या कोरकू लोकांची स्थिति अशीच आहे.

मेळघाटांत १९७३-७४ सालीं व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा व कुंड हीं गांवें तेथून अकोट तालुक्यांत हलविण्यांत आलीं. मागाहून इतरही आलीं. घर, जमीन व रोख रक्कम यांचा हिशेब कागदावर मांडतां येतो. पण गांवचा मुठवा देव आणि मृतांच्या नांवानें उभारलेले कोरीव लांकडी स्मृतिफलक यांचा मोबदला कोणत्या रकान्यांत लिहावा? जानेवारी २०१९ मध्यें कित्येक विस्थापित जंगलांत परतले आणि वनखात्याशीं त्यांची चकमक झाली. अपुऱ्या सोयींबरोबर, स्थलांतरानंतर झालेल्या मृत्यूंचीही त्यांची तक्रार होती.

अशा दुःखाची शुश्रूषा कशी व्हावी? कोरकू भाषा मुंडा कुळांतील. मराठीशीं तिचें नातें नाहीं. दवाखान्यांत बाई म्हणते, झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, अंग जड झालें आहे. शाळेंत जाणारा मुलगा तेवढेंच मराठींत सांगतो आणि शक्तीचें औषध घेऊन दोघें परततात. जगणें नकोसें झालें, हें कोणती आई मुलाच्या तोंडून वदवील? म्हणून दुभाषी प्रौढ, त्याच भाषेचा, परंतु घराबाहेरचा असावा. पितर स्वप्नांत आले, असें कोणी सांगितल्यास त्यास लागलीच वेडा ठरवूं नये; त्याच्या समाजांत त्याचा अर्थ काय, हें आधीं विचारावें.

भूमकाचा उपहास करूनही कार्यभाग होत नाहीं. मेळघाटांत आरोग्यखात्यानें भूमकांनाच हाताशीं धरून रुग्ण दवाखान्यांत आणविले आहेत. मनाच्या विकारांतही हाच मार्ग उपयोगी पडेल. मात्र झटके येत असतील, अन्न सुटलें असेल किंवा आत्महत्येची भाषा निघत असेल, तर डॉक्टरांकडे नेण्यास क्षणाचाही विलंब नको.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें संस्कृतीवरून भेदभाव न होतां उपचार मिळण्याचा आणि समजेल अशा भाषेंत माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठींत व हिंदींत विनामूल्य सल्ला मिळतो. परंतु ज्यास केवळ कोरकू येते, त्याच्या शेजारीं कोणी जाणते माणूस बसलेच पाहिजे.

आपल्या शेतांत वा घरीं कामास येणाऱ्या कोरकू बाईस, "बाई, तुझें मूळ गांव कोणतें?" इतकें तरी गृहिणींनीं विचारावें आणि उत्तर पुरें होईपर्यंत ऐकावें. उपचाराची पहिली पायरी कित्येकदां तेथेंच असते.