पाच डॉलरचे तिकीट

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. त्याआधी चार महिने, सप्टेंबर २०२४ मध्ये, तिकीटविक्री सुरू झाली आणि पाहता पाहता संपलीही. काही हजारांची तिकिटे मग लाखांच्या भावाने विकायला निघाली. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. आवडत्या गाण्यांपायी माणूस किती मोजायला तयार होतो, याचा अंदाज बाजाराला अचूक असतो, हे त्या काही दिवसांत मुंबईकरांनी पाहिले.

चाहत्याच्या या अगतिकतेचा लाभ घ्यायचाच नाही, असे ठरवून चाललेला एक बँड रॉक संगीताच्या इतिहासात होऊन गेला. त्याचे नाव ‘फुगाझी’. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील या चौघांनी १९८७ ते २००२ या काळात देशोदेशी मिळून हजाराहून अधिक कार्यक्रम केले आणि शक्य तेथे तिकिटाचा दर पाच डॉलर ठेवला. पुढे तो काहीसा वाढला. पण तिकीट स्वस्तच असले पाहिजे, हा आग्रह अखेरपर्यंत सुटला नाही. ‘इंडी रॉक’चे चाहते आजही या बँडचे नाव आदराने का घेतात, हे समजण्यासाठी आधी ‘इंडी’ या शब्दाकडे पाहावे लागते.

‘इंडी’ म्हणजे काय?

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे लघुरूप. आज तो गिटारप्रधान, काहीशा अनघड वाटणाऱ्या संगीताच्या शैलीसाठी वापरला जातो. मुळात मात्र त्याचा संबंध सुरांपेक्षा व्यवहाराशी होता. ध्वनिमुद्रण, रेकॉर्डची छपाई, दुकानांपर्यंतचे वितरण आणि जाहिरात ही सारी यंत्रणा मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती होती. त्या यंत्रणेबाहेर राहून निघालेली रेकॉर्ड ती ‘इंडी’. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने १९७७ च्या प्रारंभी उसनवारीच्या पाचशे पौंडांत ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली, तेव्हा हे कोणालाही जमण्याजोगे आहे, हे ब्रिटनमधील तरुणांना उमगले. १९८० मध्ये तेथे अशा रेकॉर्डच्या खपाची स्वतंत्र क्रमवारीही सुरू झाली. तिच्यात स्थान मिळण्यासाठी संगीत कसे आहे, याला महत्त्व नव्हते. रेकॉर्डचे वितरण बड्या कंपन्यांच्या साखळीबाहेरून झालेले असणे, एवढीच अट होती.

सिगारच्या डब्यातील बचत

अमेरिकेत हाच विचार त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये रुजला. ‘टीन आयडल्स’ नावाचा शाळकरी वयाच्या मुलांचा बँड वर्षभरातच मोडला. कार्यक्रमांतून मिळालेले सुमारे सहाशे डॉलर त्यांनी सिगारच्या डब्यात साठवून ठेवले होते. ते वाटून न घेता इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन या मित्रांनी त्यातून आपल्या बँडची रेकॉर्ड काढली. हजार प्रती छापल्या, वेष्टने मित्रमंडळींनी हाताने कापून, दुमडून, चिकटवली. ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही संस्था अशी जन्मली. कलावंतांशी लेखी करार न करण्याची आणि नफा वाटून घेण्याची तिची रीत प्रसिद्ध आहे.

पुढे मॅकायने जो लॅली, ब्रेंडन कँटी आणि गाय पिचोटो यांच्यासह फुगाझी उभा केला. बँडचा पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमधील विल्सन सेंटरमध्ये झाला. ‘रिपीटर’ (१९९०) पासून ‘द आर्ग्युमेंट’ (२००१) पर्यंतचे त्यांचे सारे अल्बम डिस्कॉर्डनेच काढले. दुकानदाराने मनाला येईल तो भाव लावू नये, म्हणून वेष्टनावरच टपालखर्चासह किंमत छापलेली असे. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’च्या ‘नेव्हरमाइंड’ला अफाट यश मिळाल्यानंतर बड्या कंपन्या इंडी बँडच्या शोधात निघाल्या, तेव्हा फुगाझीने सारे प्रस्ताव नाकारले. तरीही १९९३ चा त्यांचा ‘इन ऑन द किल टेकर’ हा अल्बम ‘बिलबोर्ड’च्या पहिल्या दोनशेत पोहोचला.

हिशेब कसा जमला?

पाच डॉलरचे तिकीट हे औदार्य नव्हते. त्यामागे काटेकोर हिशेब होता. बँडला व्यवस्थापक नव्हता. कार्यक्रम ठरवण्याचे काम मॅकाय स्वतः दूरध्वनीवरून करी. प्रवास आपल्याच गाडीतून, मुक्काम शक्य तेथे ओळखीच्यांकडे, सोबतीला मोजकी माणसे. झगमगाटी प्रकाशयोजना नाही, की मंचसज्जा नाही. कंपनीकडून आगाऊ रक्कम घेतलेली नसल्याने ती फेडण्याचे ओझेही नव्हते. हजार श्रोते आले, तर पाच डॉलरप्रमाणे पाच हजार डॉलर जमत. खर्च मर्यादित असल्याने त्यात भागत असे.

विशेष म्हणजे, बँडच्या नावाचे टी-शर्ट विकून वरकड पैसे मिळवण्याचा मार्गही त्यांनी अव्हेरला. चाहते ते मागत असूनही अधिकृत टी-शर्ट कधी निघाला नाही. वॉशिंग्टनमधील त्यांचे बहुतेक कार्यक्रम तर विनामूल्य किंवा सामाजिक कामांच्या मदतीसाठी असत.

दाराशी वयाची अट नको

दुसरा आग्रह वयाचा होता. अमेरिकेत एकवीस वर्षांखालील व्यक्तीला मद्य मिळत नाही आणि रॉकचे बहुसंख्य कार्यक्रम मद्यालयांतच होत. परिणामी ज्या वयात या संगीताचे वेड लागते, त्याच वयातील मुले दाराबाहेर राहत. मद्यविक्रीच्या हिशेबाने श्रोते निवडणे फुगाझीला मान्य नव्हते. त्यामुळे चर्चची सभागृहे, शाळांचे हॉल अशा ठिकाणी, सर्व वयांच्या श्रोत्यांसाठी ते वाजवत.

मोबदल्यात ते श्रोत्यांकडूनही काही मागत. मंचासमोर धक्काबुक्की करून इतरांना, विशेषतः लहान चणीच्या मुलामुलींना, इजा करणाऱ्यांना मॅकाय गाणे थांबवून समज देई. तरीही न ऐकणाऱ्याच्या हाती पाच डॉलर परत ठेवून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला जाई. त्यासाठी पैसे घातलेली पाकिटे तयार असत. काही चाहत्यांना ही शिकवणी जाचक वाटे. परंतु पुढच्या रांगेत निर्धास्त उभे राहता आले, असे सांगणारेही पुष्कळ आहेत.

तेच गाणे पुन्हा पुन्हा का?

नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनमध्ये झालेला कार्यक्रम हा या बँडचा शेवटचा ठरला. बँड मोडल्याची घोषणा त्यांनी कधीच केली नाही. केवळ वाजवणे थांबले. मात्र बँडचे ध्वनितंत्रज्ञ आठशेहून अधिक कार्यक्रम कॅसेट, डॅट आणि सीडीवर मुद्रित करत आले होते. डिसेंबर २०११ पासून हा संग्रह इंटरनेटवर क्रमाक्रमाने खुला करण्यात आला. प्रत्येक कार्यक्रमाची सुचवलेली किंमत होती पाच डॉलर. पण ऐकणाऱ्याने ऐपतीप्रमाणे एका डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंत काहीही द्यावे, अशी सोय होती.

एकाच बँडचे शेकडो कार्यक्रम कोणी कशासाठी ऐकावेत? आपल्याकडच्या रसिकाला याचे उत्तर चटकन समजेल. कालच्या मैफलीतला यमन आजच्या मैफलीत तोच नसतो, म्हणून जुन्या मैफलींच्या ध्वनिफिती जपणारी घरे महाराष्ट्रात कमी नाहीत. फुगाझी मंचावर जाताना गाण्यांची यादी नेत नसे. कोणते गाणे कोणत्या गाण्यात मिसळणार, हे चौघे त्या त्या क्षणी इशाऱ्यांवर ठरवत. अल्बममध्ये बंदिस्त झालेले गाणे त्याआधी वर्षभर कसे घडत होते आणि नंतर कसे बदलत गेले, हे या ध्वनिमुद्रणांतून उलगडते. मधल्या वेळात श्रोत्यांशी झालेले संवाद, कुरबुरी, विनोद हेही त्यांत जसेच्या तसे आहेत. चाहत्यांनी या संग्रहात आपल्याजवळची छायाचित्रे, हस्तपत्रके, तिकिटांचे तुकडे यांची भर घातली, तारखांच्या चुका दुरुस्त केल्या. एरवी ज्याला ग्राहक म्हटले जाते, तो येथे संग्रहाचा सहकारी झाला.

प्रश्न अजून तोच

मोठ्या बँडना हे साधत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. स्टेडियममधील कार्यक्रमाचा खर्च चार माणसांच्या गाडीत मावत नाही. परंतु प्रयत्न तेथेही झाले आहेत. १९९४ मध्ये ‘पर्ल जॅम’ने तिकीटविक्रीतील मक्तेदारीविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली, ती पुढच्या वर्षी निष्फळ ठरली. २०२३ मध्ये ‘द क्युअर’च्या अमेरिका दौऱ्यात वीस डॉलरच्या तिकिटावर त्याहून अधिक शुल्क आकारल्याचे उघड झाले. गायक रॉबर्ट स्मिथने जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर त्यातील काही रक्कम चाहत्यांना परत मिळाली.

चाहत्याचा उत्साह ही संगीताची खरी पुंजी असते. ती एका रात्रीत वसूल करता येते किंवा वर्षानुवर्षे जपताही येते. फुगाझीच्या संग्रहात अनेक कार्यक्रमांच्या नोंदीत स्थळ आणि तारखेबरोबर त्या दिवशीचा तिकीटदरही लिहिलेला आहे. सतराव्या वर्षी खिशातली नाणी मोजून दाराशी उभा राहिलेला मुलगा आज पन्नाशीत असेल. आपली ती संध्याकाळ त्याला तेथे सापडू शकते, आणि तीही सुमारे त्याच किमतीत.