पोवाडा, हलगी आणि कंप्रेसर
कंप्रेसर हे आवाजातील चढउतार आटोक्यात ठेवणारे उपकरण. ठरवून दिलेल्या पातळीच्या वर आवाज गेला की ते तो दाबते. प्रमाण ४:१ असेल, तर त्या पातळीपेक्षा ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो.

गळ्यासाठी कंप्रेसरची ऑप्टिकल (प्रकाशाच्या आधारे दाबणारी) जात सहसा सोयीची. तिचा दाब हळुवार पडतो, हळुवार सुटतो. १९६०च्या दशकातला एलए-२ए हा तिचा नमुना. पोवाड्यात मात्र शाहीर गद्य निवेदनातून एकदम वरच्या पट्टीत उसळतो. तिथे आधी ११७६सारखा (१९६७) चपळ एफईटी (ट्रान्झिस्टरवर चालणारा) कंप्रेसर लावून आवाजाची टोके पकडावीत आणि मग ऑप्टिकलकडे द्यावे. दोघांनी थोडे थोडे दाबले की ताण ऐकू येत नाही.

कोल्हापुरी हलगीचे गणित उलटे. तिचा जीव काडीच्या पहिल्या ठोक्यात असतो. ११७६चा सर्वांत सावकाश अटॅकही (दाब बसायला लागणारा वेळ) एका मिलिसेकंदाच्या आत असल्याने तो ठोका बोथट होतो. १० ते ३० मिलिसेकंद अटॅक देणारा व्हीसीए (व्होल्टेजने नियंत्रित) कंप्रेसर इथे बरा. रिलीज, म्हणजे दाब सुटणे, पुढच्या ठोक्याआधी पूर्ण व्हावा. ढोलकीलाही हेच लागू.

कबनूर, इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावांत आणखी एक अडचण येते. दाबलेला आवाज पुन्हा उचलला की पार्श्वभूमीची खडखडही वर येते. ती कोणताही कंप्रेसर काढत नाही; माग बंद असतानाच रेकॉर्डिंग करावे. शंका असल्यास रेकॉर्डिंगच्या वेळी कमीच दाबावे, उरलेले मिक्सिंगमध्ये करता येते.