स्वयंपाकघराचे दार: माप चौकटीचे की वाटेचे?

स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना ओटा, फरशी आणि कपाटे यांवर बराच विचार होतो; दाराची रुंदी मात्र सहसा सुताराच्या अंदाजावर सोडली जाते. भारतातील घरांत आतील दारे बहुधा अडीच किंवा तीन फुटांची सांगितली जातात, पण हे माप अनेकदा भिंतीतील जागेचे असते. ९०० मिलिमीटरच्या जागेत दोन्ही बाजूंना ६० मिलिमीटरची चौकट बसली की ७८० मिलिमीटर उरतात. त्यातही काटकोनात उघडलेली दारफळी थोडी वाट अडवते. दोन उभ्या दारांचा फ्रिज सुमारे ९०० मिलिमीटर रुंद असल्याने तो बाजूने वळवून, कधी त्याची दारे काढूनच आत न्यावा लागतो.

चाकांच्या खुर्चीचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण ती रोज आत-बाहेर जाणार. केंद्र सरकारच्या २०२१ मधील सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाराची निव्वळ मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर हवी. ही तत्त्वे प्रामुख्याने सार्वजनिक इमारतींसाठी असली, तरी घरात वृद्ध असल्यास हेच माप धरणे शहाणपणाचे. त्यासाठी भिंतीत सुमारे १०५० मिलिमीटर जागा लागते. मात्र भिंत फोडण्यापूर्वी ती भारवाहक नाही, याची अभियंत्याकडून खात्री करून घ्यावी. रुंदावलेल्या जागेवर लिंटेलही नव्याने टाकावे लागते.